आखाजी ते कानबाई: बेसचा सेटअप कुठवर आला

भुसावळात बेस गिटार वाजवणारे आम्ही हाताच्या बोटावर मोजण्याइतके, आणि साउंडवाल्याला "बेस आहे माझा" म्हटलं की तो १८ इंची बॉक्सकडे बोट दाखवतो, कारण इकडे बेस म्हणजे डीजेची ती मोठी पेटी. त्यामुळे गेल्या चार महिन्यांत जे शिकलो ते सगळं एका जागी लिहून ठेवतोय, जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या कुणाला सुरुवात करायची असेल तर त्याचे तरी पैसे वाचतील.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात बेस घेतला. जुना, चार तारांचा, पीजे पिकअपचा (पिकअप म्हणजे तारेचं कंपन पकडणारं चुंबक), ३४ इंच स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी. जळगावात एकाने लॉकडाऊनमध्ये घेतलेला आणि पलंगाखाली पडून होता, साडेनऊ हजारात जमलं. पीजे म्हणजे पुढे प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप आणि मागे पुलाजवळ (तारा जिथे टेकतात तो ब्रिज) जॅझचा. फेंडर कंपनीने प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आणला आणि जॅझ बेस १९६० मध्ये, आज दुकानात जे स्वस्त बेस दिसतात त्यातले बहुतेक या दोघांच्याच घराण्यातले. मला पीजेच हवा होता कारण पुढचा पिकअप एकटा वाजवला तर हमिंग येत नाही, त्याचे दोन तुकडे उलटसुलट गुंडाळलेले असतात म्हणून बाहेरचा हम एकमेकांत कटतो, आणि आमच्याकडे मांडवातली वायरिंग कशी असते ते सांगायला नकोच.

जुना बेस बघायला जाताना मी इतकंच केलं: नेक (बेसची लांब मान) डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून खुंट्यांच्या टोकाकडून पुलाकडे बघितली, पीळ तर नाही ना. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर (नेकवरची आडवी धातूची पट्टी) वाजवली, वेळ लागतो पण लाजायचं नाही, विकणारा चहा पीत बसतो. मग ट्रस रॉडच्या (नेकच्या आतली, तिचा बाक सांभाळणारी सळई) नटात ॲलन की घालून बघितली, नट झिजून गोल झालेला असेल तर तो बेस फुकट दिला तरी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. व्हॉल्यूमची खुंटी खरखरत होती, ती कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांत गेली. तारा गंजलेल्या, त्या बदलल्या, ४५ ते १०५ चा नेहमीचा सेट टाकला.

मे महिना. इथे खरा धडा मिळाला. भुसावळचा मे ज्याने बघितलाय त्याला माहितीये, पारा ४५ च्या वर जातो आणि हवेत ओलावा नावाला नसतो. कूलर लावला की खोली दमट, बंद केला की भट्टी, आणि लाकूड बिचारं दोन्हीकडे ओढलं जातं. दहा दिवसांत पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारा झणझणायला लागल्या आणि बोट नेकच्या कडेवरून फिरवलं की फ्रेटची टोकं टोचायला लागली. मला वाटलं फसलो, पण तसं नव्हतं. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फ्रेट धातूचे, ते आकसत नाहीत म्हणून टोकं बाहेर येतात, आणि नेक मागे झुकून सपाट होते म्हणून तारा फ्रेटला घासतात.

उपाय सोपा आहे पण घाई केली तर नेक मोडते. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत किती फट आहे ते बघा. साधारण ०.३ मिमी पाहिजे, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकेल इतकी. माझी फट शून्य होती. ट्रस रॉड घड्याळाच्या उलट्या दिशेने पाव आटा सैल केला, रात्रभर ठेवला, सकाळी परत मोजलं, परत थोडा. दोन दिवसांत झणझण गेली. पाव आट्याच्या वर एका वेळी जायचं नाही हे मनावर कोरून घ्या. (पावसाळ्यात बरोबर याच्या उलट झालं, हवा दमट झाली, नेक पुढे झुकली, तारा वर आल्या, तेव्हा घड्याळाच्या दिशेने आवळला.) तेव्हापासून बेस कूलरसमोर ठेवत नाही, बॅगेत ठेवतो आणि बॅग आतल्या खोलीत.

मे अखेर, यावलकडची हळद. आमची बॅन्जो पार्टी, म्हणजे बॅन्जो, कॅसिओ, ऑक्टोपॅड, ढोलकी आणि आता मी. माझ्याकडे तेव्हा २० वॅटचा ८ इंची कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) होता. घरात तो इतका गोड वाजायचा की आई आतून ओरडायची, भांडी वाजताहेत म्हणून. मैदानात लावला, सगळी बटणं उजवीकडे, पहिलं गाणं संपलं आणि आमचे बॅन्जोवाले नाना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मले त काहीच ऐकू नही येऊन राह्यलं भो." मी कॉम्बोपासून दोन हातांवर होतो आणि मलाही येत नव्हतं.

हे का होतं ते नंतर नीट वाचून काढलं. घरात भिंती आणि कोपरे खालच्या स्वरांना उचलून धरतात, कोपऱ्यात ठेवलेला छोटा कॉम्बोपण मोठा वाटतो. मोकळ्या जागेत भिंती नाहीत, शिवाय अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डीबीने (डेसिबल, आवाज मोजायचं माप) पडतो, म्हणजे २ मीटरवर जे आहे ते १६ मीटरवर १८ डीबी खाली. त्यात मी घरात बसून बेसचं बटण वाढवलेलं आणि मिड (मधले स्वर) पाडलेले, ऐकायला गुबगुबीत वाटतं म्हणून. पण माणसाचा कान बेसचा स्वर ओळखतो तो बराचसा वरच्या हार्मोनिकवरून, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांच्या स्वरांवरून. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, छोट्या स्पीकरमधून ती ४१ येतच नाही, येते ती ८२ आणि त्यावरची. मी मिड पाडून जे ऐकू येण्यासारखं होतं तेच काढून टाकलं होतं, आणि जे येणारच नव्हतं त्यावर सगळे वॅट घालवत होतो. त्या रात्रीपासून मी कुठलाही आवाज खोलीत ठरवत नाही. गच्चीवर नेतो, वीस पावलं लांब जातो आणि मग बटणाला हात लावतो.

जून. हेड घेतलं, म्हणजे स्पीकर नसलेला नुसता ॲम्प, क्लास डी प्रकारचं, हातात उचलून नेता येईल इतकं हलकं, ४ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरच्या विरोधाचं माप) स्पीकरवर ३०० वॅट आणि ८ ओहमवर १७० च्या आसपास. इथे एक गोष्ट सांगतो जी दुकानात कुणी सांगत नाही: वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डीबी वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डीबी लागतात. म्हणून वॅटच्या आकड्यामागे पळण्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघावी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती आवाज काढतो. ९२ डीबीचा स्पीकर आणि ९८ डीबीचा स्पीकर यांत ६ डीबीचा फरक, म्हणजे तोच आवाज काढायला पहिल्याला चौपट वॅट. हा आकडा स्पीकरच्या कागदावर छापलेला असतो, मागून घ्या.

तयार कॅब (बेसच्या स्पीकरची पेटी) मागवायचा तर भाडं आणि किंमत दोन्ही परवडेना. मग डोक्यात आलं की आपल्याकडे डीजेच्या पेट्या बनवणारे सुतार गल्लोगल्ली आहेत, प्लाय, जाळी, कोपरे, हँडल, काळा रंग सगळं त्यांच्याकडे असतं. एका काकांकडे गेलो. ते म्हणाले बारा इंची टॉप बनवून देतो, नेहमीच्या मापात. मी म्हटलं काका, नेहमीचं माप नको, मी लिटरमध्ये माप आणलंय. त्यांनी वहीकडे बघितलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "दूध मोजायचं का पेटी?" पण नंतर सगळ्यात जास्त रस त्यांनीच घेतला.

लिटरचं गणित असं की प्रत्येक स्पीकरच्या कागदावर थील-स्मॉल पॅरामीटर, म्हणजे स्पीकरच्या स्वभावाचे आकडे असतात, एफएस, क्यूटीएस, व्हीएएस, ते फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले की पेटी किती मोठी आणि पोर्ट (पेटीतली हवा बाहेर काढणारी नळी) किती लांब ते निघतं. माझ्या १२ इंची, ८ ओहमच्या स्पीकरला ६० लिटर आणि ४८ हर्ट्झच्या आसपास ट्यूनिंग (ज्या स्वराला पोर्टमधली हवा सगळ्यात जोरात हलते) निघालं. आतून ४० बाय ५० बाय ३२ सेंमी, म्हणजे ६४ लिटर, त्यातून स्पीकर, पोर्ट आणि आतली आडवी पट्टी वजा. १८ मिमी प्लाय, सगळ्या सांध्यांना फेविकॉल आणि स्क्रू, स्पीकरचे बोल्ट धरायला प्लायमध्ये टी-नट. वजन वीसेक किलो भरलं, बाईकच्या मागे येत नाही, रिक्षा लागते.

पोर्टसाठी पाइप शोधायला जळगाव जिल्ह्यात कुणाला अडचण येऊ नये, केळीच्या प्रत्येक शेतात पीव्हीसीचे तुकडे पडलेले असतात. मामाच्या शेतातून ११० मिमीचा तुकडा आणला आणि मुद्दाम लांब ठेवला, १५ सेंमी, कारण कापून कमी करता येतो, वाढवता येत नाही. आता ही पुढची पद्धत नक्की करून बघा. पेटी पाठीवर झोपवली, स्पीकरचं तोंड वर, कोनवर (स्पीकरचा हलणारा पडदा) चिमूटभर ज्वारीचे दाणे टाकले, मोबाइलमधल्या टोन जनरेटरने हेडला ६० हर्ट्झ दिला, आवाज अगदी हळू. दाणे उड्या मारायला लागले. मग एकेक हर्ट्झ खाली येत गेलो. ५५, ५०, ४७, दाण्यांची उडी कमी कमी होत गेली, आणि ४३ वर दाणे जागेवर बसले, थरथर सुद्धा नाही, पण पोर्टच्या तोंडाशी हात धरला तर वारा येत होता. ट्यूनिंगच्या जागी कोन जवळजवळ थांबतो आणि हवा पोर्ट हलवतो, ते डोळ्याने दिसलं. काका खाली वाकून बघतच राहिले, म्हणाले परत कर, आणि तीनदा करायला लावलं. मग पाइप थोडा थोडा कापत ११ सेंमीवर आणला, तेव्हा दाणे ४८ च्या जरा खाली शांत झाले. तिथे थांबलो.

ट्यूनिंगच्या खाली मात्र कोनला कुणी धरून ठेवत नाही, तो मोकाट हलतो, म्हणून हेडवरचा हाय पास फिल्टर (ठरावीक हर्ट्झच्या खालचे स्वर अडवणारा) मी ४० च्या जवळ लावून ठेवतो. ई तारेवर जोरात अंगठा मारला तरी आता कोन फडफडत नाही.

एक चूक झाली ती पण लिहितो. पहिल्या दिवशी हेड ते पेटी मी गिटारचीच केबल लावली, जॅक सारखाच असतो ना. अर्ध्या तासाने केबल हाताला कोमट लागली. गिटारच्या केबलमध्ये आतली तार केसासारखी बारीक असते आणि भोवती जाळी, ती सिग्नलसाठी आहे, ताकद वाहायला नाही, शॉर्ट झाली तर हेड जातं. इलेक्ट्रिकच्या दुकानातून अडीच स्क्वेअर एमएमची दोन पदरी तांब्याची वायर घेतली, दोन्ही टोकांना स्पीकॉन (स्पीकरसाठीचे फिरवून अडकणारे कनेक्टर) लावले, विषय संपला.

कानबाई. श्रावणातला नागपंचमीनंतरचा रविवार, रात्रभर जागरण, गल्लीत गाणी. पेटीचा पहिला मोठा कार्यक्रम. पेटी जमिनीवर न ठेवता दोन क्रेटवर चढवली म्हणजे आवाज गुडघ्यात न जाता कानाकडे जातो, बेसचं बटण मध्यावर, मिड थोडे वर, ५०० हर्ट्झच्या आसपास. आणि सुरू केल्या केल्या हम. आपली लाइन ५० हर्ट्झची आणि ई तारेचा तिसरा फ्रेट, म्हणजे जी, ४९ हर्ट्झचा, त्यामुळे तो स्वर वाजवला की हमबरोबर हेलकावे घेत होता, वॉव वॉव वॉव. कुणीतरी म्हणालं प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक. मंडळी, हे कधीही करू नका. मांडवात ओल्या जमिनीवर उभं राहून हातात तार आणि ओठाशी माइक, अर्थ नसेल तर जिवाशी खेळ आहे. मी मिक्सर आणि हेड एकाच बोर्डवर घेतले, मिक्सरकडे जाणारी लाइन डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल मिक्सरजोगा करणारा छोटा डबा) काढली आणि डीआयचा ग्राउंड लिफ्ट दाबला, हे बटण फक्त सिग्नलच्या केबलचा ग्राउंड तोडतं, प्लगची अर्थिंग नाही. हम गेला.

दुसऱ्या गाण्याला मी लांबची केबल लावून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो, वाजवत वाजवत. तिथे ओट्यावर म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या. बॅन्जोच्या खाली प्रत्येक स्वर वेगळा कळत होता, नुसती धडधड नव्हती. परत आलो तर नाना वाजवता वाजवता मान हलवत होते, बोलले काही नाही.

आता दुसरी पेटी, अगदी तशीच. ८ ओहमच्या दोन पेट्या पॅरलल लावल्या की ४ ओहम होतात, हेड पूर्ण ३०० देईल आणि कोनचं क्षेत्रफळ दुप्पट, सगळं मिळून ५ डीबीच्या आसपास फायदा. माझं हेड ४ च्या खाली चालत नाही, त्यामुळे तिसरी कधीच जोडायची नाही, हे पेटीच्या मागे पेंटने लिहून ठेवणार आहे. काकांनी प्लाय कापून ठेवलाय, गणपतीनंतर जुळवतो म्हणाले. या वेळी निओडिमियम चुंबकाचा स्पीकर टाकावा का असा विचार चाललाय, वजनात दोन-तीन किलो तरी वाचतील. पण मे महिन्याच्या उन्हात, दुपारच्या वरातीत कुणी तो तासन् तास चालवलाय का? धुळे-शिरपूरकडे कुणी वापरत असेल तर सांगा, स्पीकरची ऑर्डर तोवर थांबवून ठेवतो.