पहाटेची बस

अकरा वर्षं चाकणला टाइम ऑफिसमध्ये काढली मी, कोण कधी गैरहजर हे तोंडपाठ असायचं. आणि बरीच वर्षं मी पण सगळ्यांसारखंच म्हणायचो की लोक दांड्या मारतात, सर्टिफिकेट काय कोणी पण देतं. आता तसं म्हणवत नाही.

आमच्या एका असेंब्ली लाइनवर सिक लीव्ह कायम जास्त. काम शेजारच्या लाइनसारखंच, कॅन्टीन तेच, बस तीच, फरक फक्त सुपरवायझरचा. तिथे पाणी प्यायला जायचं तरी विचारून, स्टेशन बदलून मागितलं तर "जमत नसेल तर घरी बस". तिथला एक ऑपरेटर, पंचेचाळिशीचा, पाठ धरली म्हणून सारखा घरी. मेमो द्यायला मीच बोलावलं त्याला, तर म्हणाला, "साहेब, पाठ काय आजची नाही, जुन्या लाइनवर होतो तेव्हापण दुखायचीच, पण तेव्हा पहाटे उठून बस पकडायला जीव व्हायचा." मेमो तसाच ड्रॉवरमध्ये राहिला.

आणि ईएसआयवाल्याला, म्हणजे सरकारी कामगार विम्यातल्या माणसाला, घरी बसणं परवडतं कुठे? आजारपणात पगाराच्या ७० टक्के, तेही वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, त्यातही साधारणपणे पहिल्या दोन दिवसांचं काहीच नाही. एवढं नुकसान सोसून माणूस घरी थांबतोय तर काहीतरी असणारच ना.

नंतर लंडनच्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास वाचला. त्याचा दुसरा टप्पा १९८५ ला सुरू झाला, मायकेल मार्मट आणि त्यांची टीम, दहा हजारांवर माणसं, सगळी ऑफिसात बसणारी, उपचार सगळ्यांना सरकारीच. तरी सगळ्यात खालच्या ग्रेडमधल्या पुरुषांच्या आजारपणाच्या रजा सगळ्यात वरच्यांच्या सहापट! आणि आपल्या कामात स्वतःला काहीच ठरवता येत नाही अशांना हृदयविकारपण जास्त, सिगारेट, बीपी सगळं हिशोबात धरलं तरी फरक उरतोच. म्हणजे नुसतं मन लागत नाही म्हणून रजा एवढंच नाहीये ते, शरीर खरंच झिजतं.

याची दुसरी बाजू पण मी बघितलीय आणि ती जास्त लागते मला. क्वालिटीला एक मुलगी होती, कामावर जीव, अंगात ताप घेऊन चार दिवस आली, मग डेंग्यू निघाला आणि आठ दिवस अ‍ॅडमिट. त्याच्या आधीच्याच महिन्यात शंभर टक्के हजेरीचं बक्षीस तिला मी माझ्या हाताने दिलं होतं. ते बक्षीस बंद करा म्हणून नंतर तीन वेळा मेल केला, शेवटी बंद झालं.

पाठवाल्याला जुन्या लाइनवर परत घेतलं. पाठ अजून दुखतेच त्याची, रजापण घेतो, पण आता आदल्या रात्रीच फोन येतो, "साहेब उद्या नाही जमत, परवा नक्की येतो, माझ्या स्टेशनवर नवीन पोराला उभा करू नका, हात जाईल त्याचा."