नवव्या पायरीचा खिळा

खारकर आळीतलं जुनं माडीचं घर. सागवानी जिना, चौदा पायऱ्या. फोनवर काका म्हणाले, "मिस्त्री, सुनेची रात्रपाळी असते. पहाटे ती वर जायला लागली की जिना करकरतो आणि अख्खं घर जागं होतं." फेब्रुवारी चालू होता, म्हटलं आजच येतो. पावसात लाकूड फुगून सांधे आवळतात, जिना गप्प बसतो. दुखणं कळतं ते कोरड्या हवेत.

आधी कुणीतरी वरून जागोजागी खिळे ठोकले होते. हे बघितलं की मला वाईट वाटतं. खिळ्याची पकड नुसत्या घट्टपणावर असते. लाकूड सुकलं की भोक सैल होतं, आणि पाय पडला की फळी त्याच खिळ्यावर खालीवर घासते. जेवढे खिळे, तेवढे आवाज.

जिन्याखालचं सामान काढून मी आत आडवा झालो आणि पोराला वर चालायला लावलं. आवाज आठवीचा, असं घरातल्या सगळ्यांचं म्हणणं. पण त्या कोंदट जागेत आवाज फिरतो, म्हणून मी तळहात फळीच्या पोटाला लावून पडून राहिलो. आठवी ढिम्म हलली नाही. नववीवर पाय पडला तशी हाताखाली फळी दबली आणि सुटली. मागे, जिथे ती उभ्या फळीवर टेकते तिथे, पोस्टकार्ड जाईल एवढी फट होती.

खिळा उपटला. डोकं, टोक गंजून काळं; मधला पेरभर भाग मात्र सुईसारखा चकचकीत. इतकी वर्षं सागवान तेवढ्यावरच घासत होतं. काका बराच वेळ अंगठ्याने तो चाचपत बसले.

पुढचं काम सरळ. फटीत सागाची पातळ पाचर, फेविकॉल लावून, हलक्या हाताने. जोर केला तर फळीच उचलली जाते. खालच्या कोनात लाकडी ठोकळे. मग आधी बारीक भोक पाडून दोन स्क्रू, एकमेकांकडे तिरपे. अशा पाच पायऱ्या झाल्या. फेविकॉल वाळेपर्यंत चढू नका म्हटलं, तेव्हा सूनबाईंचं अंथरूण त्या दिवशी खालीच पडलं.

चौदावी राहिली. तिचं पोट गिलाव्यात बंद आहे, आणि वरून खिळा मी ठोकणार नाही. पाऊस लागायच्या आत गिलावा फोडायला जायचंय. तोवर सूनबाई तिच्यावर कठड्याकडच्या कडेला पाय टाकतात. तिथे ती कमी हलते.