एररमध्ये कॉलमचं नाव का नाही?

आज सकाळपासून दुपारी ३ पर्यंत एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची एकच एरर, "स्ट्रिंग ऑर बायनरी डेटा वुड बी ट्रंकेटेड", नंबर ८१५२, म्हणजे मजकूर कॉलममध्ये मावत नाही, कापला जाईल. लातूरच्या एका आडत दुकानाची जुनी शेतकरी यादी भरायलो होतो, ४३०० ओळी आणि २२ कॉलम, कुठला मजकूर मोठा झाला ते काहीच सांगत नाही. शेवटी यादी अर्धी-अर्धी करत शोधलं तर निघालं 'औराद शहाजानी'!! गावाचा कॉलम १० अक्षरांचा आणि हे नाव काना-वेलांटी, मधली जागा धरून १२. एवढ्यासाठी ५ तास गेले हो, आणि तिकडं सोयाबीनचा हिशोब थांबलेला, मालक दर अर्ध्या तासाला फोन करायले.

एसक्यूएल सर्व्हर २०१९ पासून २६२८ नंबरची एरर येते, त्यात टेबल, कॉलम आणि अडलेली व्हॅल्यू तिन्ही असतं, पण इथं सर्व्हर २०१४ चा. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये फॉरेन कीची (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी जोडणाऱ्या कॉलमची) एरर कसं नेमका कुठला कॉलम, कुठली व्हॅल्यू अडली ते सांगते, ते बघून खरंच बरं वाटतं.

संध्याकाळी आपल्या इम्पोर्टमध्येच आधी लांबी तपासणारा कोड टाकला. आता मेसेज येतो: ओळ २८१७, कॉलम गाव, मर्यादा १०, आलेलं 'औराद शहाजानी'. दुकानातल्या मुनीमजींनाही वाचून कळतं.