पायाखालचा पाट

आमच्या घरी एक सागवानी पाट होता, सासूबाईंच्या लग्नातला. 2019 च्या पुरात गावभागातल्या आमच्या खालच्या खोलीतलं झाडून सगळं गेलं पण हा माळ्यावर होता म्हणून वाचला. तो पाट गेली अडीच वर्षं महापालिकेच्या एका शाळेत आमच्या चिरंजीवांच्या बाकाखाली आहे. त्याबद्दल लिहायचं कधीचं डोक्यात होतं, पण भांडी आवरून फोन हातात घेतला की डोळेच मिटतात. आज साहेब लवकर झोपलेत तर लिहून टाकते.

पोराला सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला इजा झाली, त्यामुळे मेंदूकडून स्नायूंना जाणारा निरोप नीट पोचत नाही. पाय ताठ राहतात, उजवा हात आखडतो, बोलणं अडखळत येतं. मेंदूची ती इजा पुढं वाढत जात नाही, पण गोळ्या घेऊन भरून येईल असंही नाही. आणि बोलायला वेळ लागतो म्हणजे डोकं चालत नाही असं तर अजिबात नाही, हे मी आजपर्यंत किती जणांना सांगितलं असेल त्याला मोजदाद नाही. हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी त्याच्यादेखत विचारणारच, "ह्याला कळतं का गं सगळं?" कळतं की. तुम्ही आत्ता काय विचारलंत तेही कळलं त्याला.

पहिल्या शाळेनं "आमच्याकडं अशा मुलांची सोय नाही" म्हणून गोड बोलून परत पाठवलं. नाव घेत नाही. मला तेव्हा कायदा वगैरे काही ठाऊक नव्हतं. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे, त्यात 21 प्रकारचं अपंगत्व धरलंय (आधीच्या 1995 च्या कायद्यात सातच होते), आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत फुकट शिकायचा हक्क आहे, पालकांना हवी असेल तर विशेष शाळेत. हे सगळं नंतर कळलं. कळलं असतं तरी त्या दिवशी भांडले असते का, सांगता येत नाही, रडू आलं होतं फक्त.

तर दुसऱ्या शाळेत घेतलं त्याला, मॅडम चांगल्या होत्या, पण लिहिणं काही होईना. अर्धं पान झालं की मान टाकायचा. सगळे म्हणायचे सराव घ्या. घेतला की मग. रोज संध्याकाळी दोन पानं, तो रडायचा, मी ओरडायची, एकदा पाठीत धपाटापण घातला, खोटं कशाला सांगू. आजही आठवलं की पोटात कालवतं.

मिरजेला ज्या फिजिओ मॅडमकडं जातो त्यांना मी वही दाखवली, तर त्यांनी वहीकडं बघितलंच नाही. म्हणाल्या, वर्गात बसलेला असताना बाजूनं फोटो काढून आणा. आणला. तर म्हणतात, "याचे पाय कुठायत?" पाय लोंबकळत होते हो, बाकाखाली, जमिनीपासून वीतभर वर. दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. त्या म्हणाल्या, घरी ओट्यावर बसा पाय खाली सोडून आणि सुईत दोरा ओवून बघा. मी खरंच बसले (सासूबाई बघत होत्या, त्यांना वाटलं सुनेचं काहीतरी बिनसलं). दोरा ओवता येतो, पण अंग सारखं सावरावं लागतं. मला एवढं, तर ज्याचे स्नायू आधीच ताठ त्याचं काय होत असेल. पायाला आधार नाही म्हणून तो डाव्या हातानं बाक घट्ट धरून बसायचा, की उजवा आणखी आखडायचा, आणि आम्ही त्याच उजव्या हाताला म्हणत होतो लिही, अजून लिही.

पहिल्यांदा जुने दिवाळी अंक नाडीनं बांधून पायाखाली ठेवले, ते दुसऱ्याच दिवशी घसरून सगळ्या वर्गात पसरले. मग मला पाट आठवला. सासूबाई म्हणाल्या, "अगं पाट बसायला असतो, त्यावर पाय ठेवतात होय?" मी काही बोलले नाही. दोन दिवसांनी त्यांनीच तो पुसून, तेलाचा हात लावून दारात आणून ठेवला. कोपऱ्यावरच्या सुतारकाकांनी खाली ठोकळे मारून उंची बरोबर केली, म्हणजे गुडघा काटकोनात आणि स्प्लिंट (पाऊल सरळ धरणारा आधार) घातलेलं अख्खं पाऊल सपाट टेकलं पाहिजे, टाच सुद्धा. पुढच्या कडेला एक पट्टी ठोकली, पाय निसटू नये म्हणून. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

अक्षर मोत्यासारखं वगैरे झालेलं नाही, पण दीड पान लिहितो आता आणि रडत नाही. बाकीची जुगाडं हळूहळू सापडत गेली. पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. वहीखाली ड्रॉवरमध्ये घालायची जाळीची रबरी मॅट, म्हणजे वही पळत नाही. जाड बॉक्स फाईल आडवी ठेवली की आपोआप उतार होतो, त्यावर लिहायला मनगटाला बरं पडतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून जे फिरते विशेष शिक्षक येतात त्यांनी वर्गाच्या मॅडमना सांगितलं की फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावू नका, छापील द्या, आणि एकाच तऱ्हेची दहा गणितं कशाला, चार सोडवली तरी येतं का नाही ते कळतंय की.

यावर एक पालक बोललेच, की त्याला चार आणि आमच्याला दहा का. मॅडमनी काय उत्तर दिलं मला माहीत नाही. मी तिथं असते तर म्हटलं असतं, तुमचा चष्मा काढा आणि मग बोलू. बोर्डाला पण तासाला 20 मिनिटं जादा मिळतात अशा मुलांना, लेखनिक मिळतो, ती काय मेहेरबानी नाही.

मॅडमची एक सवय मात्र मी घरी उचलली. प्रश्न विचारला की त्या मनात दहा आकडे मोजतात आणि तोपर्यंत गप्प बसतात. आम्ही घरात सगळे त्याचं वाक्य पुरं करून द्यायचो, प्रेमानं हं, पण त्यामुळं तो बोलायचंच सोडत चालला होता. दहा आकडे लई मोठे असतात, मोजून बघा.

घरी खरी लढाई शर्टाच्या बटणांची. आज्जी घालून द्यायची, मी म्हणायची त्यालाच घालू दे, आज्जी म्हणायची किती छळतीस लेकराला. विशेष शिक्षकांनी तोडगा दिला की वरची सगळी तुम्ही लावा, शेवटचं एक त्यानं. म्हणजे शर्ट पुरा होतो तो त्याच्या हातानं. ते जमलं की शेवटची दोन. पहिल्या दिवशी त्या एका बटणाला अकरा मिनिटं लागली, घड्याळ समोरच होतं, रिक्षा खाली हॉर्न मारत होती, मी मागं हात बांधून उभी. बटण अर्धं काजात जायचं, परत निसटायचं, जिभेचं टोक बाहेर. लागल्यावर त्यानं शर्ट खाली ओढून आज्जीकडं बघितलं फक्त. आता तीन लावतो. शाळेच्या शर्टाला सहा आहेत.

खेळाच्या तासाला आधी त्याला दप्तरं राखायला बसवायचे. हे मात्र मोठ्यांनी नाही बदललं, पोरांनीच बदललं. लगोरीत त्याला चार पावलं पुढून चेंडू मारायचा, आणि त्याच्या वाटणीचं पळायचं ते जोडीदारानं. नेम बरा आहे त्याचा डाव्या हातानं. पण चुकला तर आऊट, त्यात सूट नाही. परवा आऊट झाला म्हणून घरी येऊन तोंड फुगवून बसला होता, भडंग पण खाईना, आणि मला आतून इतकं बरं वाटत होतं, बाकीच्यांसारखाच आऊट झाला म्हणून.

अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) यासाठी जे हेलपाटे घातले, आज डॉक्टर नाहीत, उद्या मशीन बंद, परवा झेरॉक्स आणा, त्यावर लिहायला बसले तर रात्र जाईल. राहू दे.

गेल्या महिन्यात फिजिओ मॅडमनी परत फोटो मागितला. गुडघे वर आलेत म्हणाल्या, पोरगा वाढलाय, पाट उंच होतोय. मी रिक्षातून पाट घरी आणला, सासूबाईंनी उलटसुलट करून बघितला, पेनाची शाई, च्युइंगम, कोपऱ्यात करकटकनं कोरलेलं त्याचं नाव, वाकडंतिकडं, वेलांटी उलटी. म्हटलं आता ओरडतील. "सुताराला सांग ठोकळे पाऊण इंच कापायचे, आणि रंधा वरून मारू नको म्हणावं," एवढंच म्हणाल्या. उद्या रविवार, काका असतात दुकानात, सोमवारी शाळेत पाहिजे.