आठवणीची नक्कल काढताना

माणसाच्या आठवणी जशाच्या तशा नव्या देहात भरता आल्या, तर तो माणूस तोच राहील का? माझ्या सहा मिनिटांच्या ॲनिमेशनपटाची गोष्ट एवढीच. त्यातली म्हातारी दर काही वर्षांनी देह बदलते, आणि ओळख पटवायला दर वेळी तिला एकच प्रसंग सांगावा लागतो: परसात पेटलेला बंब आणि शेजारी केस विंचरत बसलेली आई.

पटकथा झाली, ॲनिमॅटिक म्हणजे रेखाटनं वेळेत बसवून केलेला कच्चा आराखडाही जमला. घोडं अडलं ते आठवण बदलताना दाखवायची कशी, यावर. सॉफ्टवेअरमध्ये एका चित्रातून दुसरं चित्र हळूहळू उमलवून पाहिलं. दिसायला सुरेख, पण साफ खोटं. आठवण अशी वितळत नाही, सांगताना ती नव्याने रचली जाते. २००० साली करीम नादर आणि जोसेफ लडू यांच्या उंदरांवरच्या प्रयोगात हे फार स्पष्ट दिसलं. एका आवाजाला घाबरायला शिकलेल्या उंदरांना तो आवाज पुन्हा ऐकवला आणि लगेच मेंदूतल्या अमिग्डालात प्रथिनं बनणं रोखणारं औषध सोडलं, तर पुढे त्यांची भीती ओसरली. आवाज न ऐकवता तेच औषध दिलं, तर भीती तशीच राहिली. म्हणजे वर काढलेली आठवण काही काळ कच्ची असते.

वाट सापडली केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांच्या १९३२ साली छापून आलेल्या प्रयोगांत. एकाने काढलेलं चित्र पाहून दुसऱ्याने ते आठवून काढायचं, त्याचं पाहून तिसऱ्याने. असं होता होता घुबडाचं मांजर झालं होतं.

मग मीही मूळ चित्र कपाटात टाकलं. ओनियन स्किन, म्हणजे आदलं चित्र खाली पुसट दिसत राहण्याची सोय, बंद. आदलं चित्र नीट पाहायचं, पालथं घालायचं आणि आठवेल तसं काढायचं. मित्रमैत्रिणींनाही बसवलं. सेकंदाच्या २४ फ्रेममध्ये प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं तरी १२ चित्रं लागतात, त्यामुळे हा नियम फक्त आठवणीतल्या की-ड्रॉइंगना, म्हणजे हालचालीतल्या मुख्य चित्रांना लावला. मधली चित्रं नेहमीप्रमाणे लाईट बॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर केली.

बंबाची तोटी आधी जराशी वर सरकली. पुढे कुणीतरी ती कडीसारखी काढली, पुढच्याने तोल साधायला दुसऱ्या बाजूलाही कडी दिली, आणि बंबाचा चक्क हंडा झाला. आईच्या हातातली फणी मात्र कुणीच सोडली नाही. दर वेळी ती थोडी मोठी होत गेली, शेवटच्या चित्रात तर हाताएवढी. हे मला लिहून सुचलंच नसतं.

चित्रं इतकी बदलली तरी बाई तीच वाटायला हवी होती, कारण ती तीच आहे असं मला मनापासून वाटतं. तो सगळा भार आवाजावर टाकला. मावशीकडून तो प्रसंग एका दमात बोलून घेतला होता, तोच टेक सर्व देहांसाठी वापरला. ‘बंबाला तोटी होती’ असं ती म्हणते तेव्हा पडद्यावर हंडा असतो. मिक्सिंग करणाऱ्या मित्राने ती ओळ चित्राप्रमाणे बदलून घ्यायला सुचवलं. मी ती तशीच ठेवली, आणि तिच्यामागे मावशीने घेतलेला श्वासही कापू दिला नाही.