आमची वाटचाल : कंपनीचा अ‍ॅम्प जागेवर ठेवून

कोल्हापुरात गाडीला डेक बसवणारी दुकानं पूर्वीही होती, आजही आहेत. पण गाडीबरोबर आलेला कंपनीचा अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायरचा डबा) जागेवर ठेवून, एकही वायर न कापता डेक बदलून देणारं पहिलं दुकान आमचं. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण अलीकडं समोरच्या दुकानाच्या बोर्डावरही ‘कपलर टू कपलर फिटिंग’, म्हणजे वायर न कापता प्लगला प्लग जोडून काम, असं झळकायला लागलंय. ज्यांचा सगळा धंदा पक्कडीनं कपलर तोडण्यावर उभा राहिला, त्यांचा हा बोर्ड रोज शटर उघडताना मला वाचावा लागतो.

१९९६ साली आयटीआय करून व्हीनस कॉर्नरजवळ भाड्याच्या गाळ्यात सुरुवात केली. गाड्या म्हणजे मारुती ८००, पद्मिनी, अँबॅसडर. कॅसेटचा डेक, मागं पार्सल ट्रेवर दोन ओव्हल स्पीकर. पिवळी वायर बॅटरीला, लाल चावीवर, काळी बॉडीला, की झालं काम. पुढची बरीच वर्षं धंदा नीट चालला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

हत्यारांचं मात्र सांगतो. डॅशबोर्डच्या पट्ट्या उचकटायला स्क्रू ड्रायव्हर घेणारा पोरगा आमच्याकडं टिकत नाही. त्यासाठी नायलॉनच्या पट्ट्या येतात, त्या मिळत नव्हत्या तेव्हा आम्ही बांबूच्या कामट्या घासून वापरल्या. टेस्ट लॅम्प भिंतीला टांगलेला असतो, पण तो हेडलाइट-हॉर्नच्या कामापुरता. नव्या गाडीत डेकमागच्या वायरीत लॅम्प घालायचा नाही. त्यातला बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढ्यानं डेटा लाइनचं, म्हणजे गाडीतले डबे एकमेकांशी बोलतात त्या वायरीचं, वाटोळं होऊ शकतं. तिथं मल्टिमीटरच. आणि एक दीड व्होल्टचा सेल, दोन वायरी जोडलेला. अ‍ॅम्पपासून स्पीकर सोडवायचा, त्याच्या वायरींना सेल क्षणभर टेकवायचा. कोन बाहेर आला तर प्लस-मायनस बरोबर, आत गेला तर उलटं. एवढ्याशा गोष्टीला कंटाळा करतात आणि मग डावा-उजवा स्पीकर एकमेकांचा बेस खात बसतात.

मग गाड्यांत वेगळा अ‍ॅम्प यायला लागला. आधी मोठ्या आणि इंपोर्टेड गाड्यांत, पुढं इतर गाड्यांतही. हा अ‍ॅम्प डेकच्या पोटात नसतो. सीटखाली, डिकीच्या बाजूच्या पत्र्यात, नाहीतर ग्लोव्ह बॉक्सच्या मागं दडवलेला असतो. गिऱ्हाइकाला तर सोडाच, बऱ्याच फिटरांनाही तो आहे हे माहीत नसतं. नवा डेक लावला, पडदा उजळला, गाणं पळताना दिसतंय आणि आवाज शून्य. लगेच ‘डेक फॉल्टी आहे’. अहो, डेकला काय झालंय! अ‍ॅम्पला चालू व्हायचा इशाराच मिळालेला नाही. डेकच्या मागं निळी-पांढरी वायर असते ती त्यासाठीच. ती अ‍ॅम्पच्या टर्न-ऑनला द्यायची. कायमच्या बारा व्होल्टला जोडली तर अ‍ॅम्प रात्रभर जागा राहतो आणि सकाळी बॅटरी बसते. त्या वायरीवर फार भार टाकायचा नाही. पंखा, अँटेना, दुसरा अ‍ॅम्प असं काही लावायचं असेल तर मधे रिले (जास्त भार स्वतः पेलणारा स्विच) घाला.

‘अ‍ॅम्प काढूनच टाका की, डेकमधे पन्नास वॉट आहेत’ असंही लोक म्हणतात. खोक्यावरचे पन्नास वॉट हे खोक्यावरच असतात. डेकच्या आतला अ‍ॅम्प चार ओहमवर सलग देतो ते वीसच्या आसपास. आणि अशा गाड्यांतले कितीतरी स्पीकर चार ओहमचे नसतात. दोन किंवा त्याहूनही कमी निघतात. ते थेट डेकवर टाकले की डेक तापतो. शिवाय कुठल्या स्पीकरला कुठला आवाज द्यायचा ती वाटणी बऱ्याच वेळा कंपनीच्या अ‍ॅम्पमधेच झालेली असते. तो काढला की डिकीतला वूफर मुका आणि ट्वीटरला नको तेवढा जाड आवाज. त्यामुळं अ‍ॅम्प ठेवायचा. फक्त त्याला झेपेल एवढाच सिग्नल द्यायचा. डेकच्या मागं आरसीए (हलक्या सिग्नलचं गोल सॉकेट) असतो, दोन-चार व्होल्टचा, तो बऱ्याच अ‍ॅम्पना चालतो. स्पीकरच्या वायरी घ्यायच्याच असतील तर मधे लेव्हल कमी करणारी अ‍ॅडॉप्टरची डबी लागते. तिच्यावरचे स्क्रू फिरवून आवाज जुळवायला आम्हाला अर्धा दिवस लागतो. समोरच्यांना पाच मिनिटं लागायची, कारण ते डबी लावायचेच नाहीत.

समोरच्या दुकानाचं नाव मी इथं लिहिणार नाही. फुकट जाहिरात कशाला? मालक एकेकाळी आमच्याच गाळ्यात माझ्याबरोबर भागीदार होते. हात चांगला होता, घाई त्याहून चांगली होती. ‘गिऱ्हाईक चहा पिऊन होईस्तोवर गाडी बाहेर गेली पाहिजे’ हे त्यांचं तत्त्व. त्यावरूनच वेगळे झालो. वेगळं होणं ठीक, पण बरोबर समोरचाच गाळा घ्यायचा?

२०१४ च्या सुमाराची गोष्ट. गावातल्या एका बिल्डरांची इंपोर्टेड एसयूव्ही आली. गाडीचं नाव सांगत नाही, कारण तेव्हा गावात तशी एकच होती. पॅसेंजर सीटखाली कंपनीचा अ‍ॅम्प. मी म्हटलं, गाडी दोन दिवस ठेवा, डबी आणि कपलर मुंबईहून मागवतो. त्यांनी मान डोलावली आणि गाडी रस्ता ओलांडून समोर नेली. संध्याकाळी नवा डेक लावून गाडी बाहेर.

आठवडाभरात तीच गाडी आमच्या दारात. आवाज फाटतो, सकाळी बॅटरी उतरते, आणि आता तर काहीच वाजत नाही. सीट उचलली. कपलर तोडलेला, वायरी हातानं पिळून वर काळी टेप, ती उन्हानं सुटून चिकट झालेली. डेकच्या स्पीकर वायरी सरळ अ‍ॅम्पच्या इनपुटमधे घातलेल्या, म्हणून आवाज फाटत होता. टर्न-ऑन कायमच्या बारा व्होल्टला, म्हणून बॅटरी. आणि वर बेस पाहिजे म्हणून एक स्वस्तातली बेस ट्यूब (नळकांड्यातला वूफर) लावलेली. तिला सिग्नल अ‍ॅम्पच्या मागच्या स्पीकरवरून घेतला होता आणि त्या स्पीकरचा मायनस थेट बॉडीला बांधला होता.

या धंद्यातल्या पोरांसाठी सांगतो. अशा अ‍ॅम्पमधे स्पीकरचा मायनस म्हणजे बॉडीचा अर्थ (अर्थिंग) नसतो. स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॉडीच्या मानानं साधारण सहा व्होल्ट उभे असतात, मल्टिमीटर लावून बघा. त्यातली एक बॉडीला टेकवली की आउटपुट आयसी, म्हणजे स्पीकर चालवणारी चिप, शॉर्ट. चांगला असेल तर प्रोटेक्शनमधे जातो, म्हणजे स्वतःहून बंद पडतो, नशीब वाईट असेल तर जळतो. इथं जळला होता. अ‍ॅम्पचं झाकण उघडताच तो वास आला. एकदा नाकात बसला की आयुष्यभर ओळखू येतो तसला.

मी बिल्डरांना जसं होतं तसं दाखवलं. ते तावातावानं समोर गेले. समोरचे काय म्हणाले असतील? ‘आमच्याकडनं गाडी वाजत गेलेली. नंतर ज्यानं उघडलं त्यानं जाळलं.’ झालं. पुढच्या महिन्यात गावभर हेच. ज्या शोरूमवाल्यांनी वर्षानुवर्षं गाड्या पाठवल्या त्यांनी फोन उचलणं बंद केलं. एकानं तर वॉरंटीचं कारण सांगितलं. म्हणे तुमच्याकडं काम केलं की वॉरंटी जाते, आणि त्याच शोरूमच्या गाड्या समोर उभ्या! मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या सप्लायरनं उधारी थांबवली, आधी पैसे मग माल. दोन चांगली पोरं सोडून गेली, त्यातलं एक कुठं गेलं ते सांगायला नको. गाळ्याचं भाडं थकलं. बायकोनं पाटल्या काढून दिल्या, ते मी विसरलेलो नाही आणि समोरच्यांनीही विसरू नये.

पुढं त्या बिल्डरांच्या ड्रायव्हरनं काढून ठेवलेला जळका अ‍ॅम्प गुपचूप आणून दिला. तो काउंटरच्या काचेत आहे. जळालंय ते बरोबर त्याच चॅनलवर, जिथून बेस ट्यूबला वायर गेली होती. आयसीचा कोपरा काळा, खालचा ट्रॅक उचललेला. बाकीचे चॅनल शाबूत. ज्याला बघायचंय त्यानं यावं. इतक्या वर्षांत बिल्डरसाहेब आलेले नाहीत.

त्या दिवसांत दुकान उघडं राहिलं ते मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत्यांमुळं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अँबॅसडरपासूनचे गिऱ्हाईक. गावात आमच्याबद्दल बोललं जात होतं तेव्हा अण्णांनी मुंबईहून एक जुनी मर्सिडीज ई-क्लास घेतली, २११ बॉडीची, हार्मन कार्डनची सिस्टीम असलेली. त्यांना पेन ड्राइव्हवर भजनं पाहिजेत, आणि गाडीच्या डेकला पेन ड्राइव्ह माहीतच नाही.

मी म्हटलं, ‘अण्णा, ही गाडी वेगळी आहे. महिना लागेल.’

‘लागू दे. मला काय लगीन गाठायचंय?’

त्या गाडीत डेकपासून अ‍ॅम्पपर्यंत आवाज तारेतून जातच नाही. प्लास्टिकच्या फायबरमधून प्रकाशातून जातो. डेक, अ‍ॅम्प, फोनचा डबा, सगळे एका रिंगणात. एक काढला की रिंगण तुटलं आणि सगळे मुके. डेक काढल्यावर फायबरचं टोक हातात धरलं तर त्यात बारीक लाल उजेड दिसतो. तो दिसला तर मागचा डबा जिवंत आहे. फायबर जास्त वाकवला तरी उजेड गळतो, म्हणून त्याला टाय मारून आवळायचं नाही. तिथं आरसीए बिरसीए काही चालत नाही. रिंगणाची भाषा बोलणारी इंटरफेसची डबी लागते. ती आली तेव्हा महिना उलटून गेला होता. अण्णांनी तिचे पैसे आधीच दिले होते, आणि काम चालू असताना गाडी आत न घेता मुद्दाम रस्त्यावर, समोरच्यांच्या तोंडासमोर उभी करायला लावली. स्वतः स्टूल टाकून बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून सांगायचे, ‘बघा, एक वायर कापली नाही पोरानं.’ पोरगा म्हणजे मी, चाळिशी ओलांडलेला.

यार्डातल्या लोकांच्या गाड्या हळूहळू यायला लागल्या. पुढं शोरूमवालेही आले, ते कुणाच्या सांगण्यावरून ते विचारलं नाही.

२०१९ च्या महापुराचं सगळे विचारतात. पंचगंगा ५५ फुटांवर गेली, दुकानात पाणी आलं, माल गेला, पुन्हा भरला. पाण्यानं आमच्याबद्दल अफवा पसरवली नाही. एक सांगून ठेवतो, पुराच्या पाण्यात उभी राहिलेली जुनी गाडी घेत असाल तर डेक वाजतोय म्हणून खूश होऊ नका. सीटखालचा अ‍ॅम्प सगळ्यात आधी बुडतो आणि त्याच्या कपलरच्या पिना काही महिन्यांनी हिरव्या पडतात. सीट मागं सरकवून टॉर्च मारून बघा.

आता सेल्टॉसला बोस, हॅरिअरला जेबीएल, एक्सयूव्ही ७०० ला सोनीचे बारा स्पीकर कंपनीतूनच बसवलेले असतात. तरी लोक येतात, मोठा पडदा पाहिजे म्हणून. मी बऱ्याच जणांना परत पाठवतो. ज्या गाडीत रिव्हर्स कॅमेरा, एसीची सेटिंग, पार्किंगची पीं-पीं सगळं त्या पडद्यातून चालतं, ती उघडण्यात शहाणपण नाही. आवाजच वाढवायचा असेल तर पडदा राहू द्या, सिग्नल कंपनीच्या अ‍ॅम्पच्या आउटपुटवरून घ्या, डीएसपी (आवाज जुळवून देणारी डबी) लावा. ज्यांच्याकडं जुनी गाडी आहे आणि अ‍ॅम्प चांगला आहे, त्यांचं काम मी आनंदानं करतो. इंजिनबरोबर चढणारी शिट्टी येत असेल तर आधी डेक आणि अ‍ॅम्प दोन्हींचा अर्थ एका जागी घ्या. बाजारातला स्वस्त आयसोलेटर (सिग्नलच्या वायरीत मधे घालायची डबी) शिट्टी घालवतो, बरोबर बेसही घालवतो.

फोनवर रेट विचारू नये. ‘समोरचे एवढ्यात करतात’ हेही सांगू नये, ते मला माहीत आहे. गाडी घेऊन यायची, मी सीटखाली बघणार, मग आकडा सांगणार. सोमवारी बंद.