धनत्रयोदशीची पाळी

29 ऑक्टोबर 2024, मंगळवार, धनत्रयोदशी. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरमध्ये त्या आठवड्यात रोज 14 तासांपर्यंत वीज जात होती, आणि माझं सगळं काम वीज आणि इंटरनेट या दोनच गोष्टींवर चालतं.

मी दुभाषी आहे. अमेरिकेतल्या हॉस्पिटलात फक्त मराठी किंवा हिंदी बोलणारा पेशंट आला, की त्याच्या पलंगाशेजारी चाकांच्या स्टँडवर एक टॅबलेट आणून ठेवतात आणि त्यातून मी बोलते. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलांना तिथल्या कायद्याप्रमाणे दुभाषी द्यावाच लागतो, तोही फुकट. टॅबलेटच्या या टोकाला मी बसलेली असते कुएन्कामध्ये, अडीच हजार मीटरवरच्या अँडीजमधल्या शहरात. नवरा इथल्या विद्यापीठात पाण्याचा अभ्यास करतो, म्हणून आम्ही इथे आलो. लाल कौलांची घरं, कॅथेड्रलचे निळे घुमट, वर्षभर महाबळेश्वरसारखी हवा, डॉलरमध्ये व्यवहार आणि भाडं परवडणारं. घरबसल्या काम करणाऱ्यांना या शहराची जाहिरात अशीच केली जाते, आणि त्यात खोटं काहीच नाही. फक्त नद्यांचं कुणी सांगत नाही.

शहरातून चार नद्या वाहतात. त्यातली तोमेबांबा आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. या सगळ्यांचं पाणी पुढे पाउते नदीला मिळतं, आणि पाउतेवर मासार, मोलिनो, सोप्लादोरा अशी एकाखाली एक वीजकेंद्रं आहेत. एकट्या मोलिनोची क्षमता 1100 मेगावॉट. देशाची बहुतेक वीज पाण्यावर होते, आणि त्यात पाउतेचा वाटा मोठा. नवरा डोंगरमाथ्यावरच्या पारामोत, म्हणजे गवताळ पठारांवर जातो. तिथली काळी माती पावसाचं पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडत राहते. त्या वर्षी पाऊसच इतका लांबला की त्या मातीतही काही उरलं नव्हतं. तोमेबांबेचे नुसते गोटे दिसत होते. मी मिरजेची. कोयनेचं पाणी आणि घरातला दिवा यांचा संबंध आम्हाला सांगावा लागत नाही, आणि भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीला चिकटवून आम्ही परीक्षा दिल्यात. पण 14 तास मी तिथेही पाहिले नव्हते.

त्या दिवशी आमच्या भागाला दुपारी दोनपर्यंत वीज मिळणार असं वेळापत्रक होतं. मी कामाची पाळी त्याप्रमाणेच लावून घेतली होती. वीज साडेबारालाच गेली. राउटरला छोटा यूपीएस आहे, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी. पण आदल्या रात्री वीज आलीच थोडा वेळ, त्यामुळे यूपीएस अर्धाच भरलेला. मोबाइलच्या डेटावर विसंबता येत नव्हतं, कारण टॉवरच्या बॅटऱ्यासुद्धा तासा-दोन तासांत मान टाकत होत्या. नियमाप्रमाणे मी लॉग-आउट होऊ शकले असते. पण मराठीच्या रांगेत त्या वेळी मी एकटीच दिसत होते, आणि तेवढ्यात कॉल वाजला.

पेशंटची ओळख लागेल असं काही इथे लिहीत नाही. सत्तरी ओलांडलेल्या आजी, मुलाकडे आलेल्या. मुलगा दुसऱ्या शहरात कामाला गेलेला, सून नोकरीवर. शेजारणीने अँब्युलन्स बोलावलेली. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई पहिल्या वाक्यापासूनच घाईत होत्या, आणि कारण लगेच कळलं. दोन्ही हात समोर धरायला सांगितले तर आजींचा उजवा हात खाली घसरला. बोलणं जड येत होतं. अशा वेळी दुभाष्याने ऐकू येईल तेवढंच सांगायचं असतं, आणि जे कळलं नाही ते कळलं नाही म्हणूनच सांगायचं असतं. आजींचं वाक्य आपण पुरं करून द्यायचा मोह होतो. तो आवरावाच लागतो, कारण डॉक्टर त्या तुटलेल्या बोलण्यावरूनच मेंदूची पारख करत असतात.

मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध पक्षाघाताची लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून प्रश्न आला, शेवटचं बरं कधी होतं? आजी म्हणाल्या, पणत्या धूत होते तेव्हा हात चांगला होता, मग सुनेचा फोन आला, आणि फोन ठेवल्यावर ताटली हातातून पडली. किती वाजता ते आठवेना. नर्सने आजींचाच फोन हातात घेतला आणि सुनेच्या कॉलची वेळ पाहिली. सव्वा तास झाला होता. वेळ होता.

इकडे यूपीएस पी-पी करायला लागला. मी मायक्रोफोन बंद ठेवून नवऱ्याला हाताने खूण केली. तो जिन्यावरून पळाला. आमचं घर जुन्या पद्धतीचं आहे, मधे चौक आणि भोवती खोल्या. तळमजल्यावर बेकरी आहे, आणि बेकरीवाल्यांनी भट्टीच्या पंख्यासाठी आणि फ्रीजसाठी एक जनरेटर फुटपाथवर आणून ठेवला होता. त्या दिवसांत अख्ख्या गल्लीत असे जनरेटर धडधडत असायचे. माझ्या खिडकीला आम्ही गादी उभी करून ठेवली होती ती त्याच आवाजासाठी.

आणि नेमका तेव्हाच सगळ्यात अवघड प्रश्न आला. रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का? आजी म्हणाल्या, "हो, रक्त पातळ व्हायची गोळी, रोज रात्री."

मी ते जसंच्या तसं सांगितलं आणि पलीकडे एकदम शांतता झाली. रक्त गोठू न देणारं वॉरफरिनसारखं औषध पुरत्या प्रमाणात चालू असेल, तर गुठळीचं औषध देता येत नाही, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पण माझ्या वडिलांचं मिरजेत मेडिकलचं दुकान होतं, आणि त्या काउंटरमागे मी वाढलेय. आपल्याकडे साध्या ॲस्पिरिनलाही गिऱ्हाईक हेच म्हणतं, आणि ॲस्पिरिन चालू असलं म्हणून हे औषध अडत नाही. दुभाष्याने सल्ला द्यायचा नसतो. खुलासा मागायची मुभा मात्र असते. "दुभाषी बोलतेय," असं आधी सांगून मी म्हटलं, की पेशंटने वापरलेला शब्द आमच्याकडे एकाहून जास्त प्रकारच्या गोळ्यांना वापरतात, डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारावं. आजींनाही मराठीत तेच सांगितलं, कारण खोलीतलं काहीही त्यांच्यापासून लपवायचं नसतं.

डॉक्टरीणबाईंनी लगेच रोख बदलला. गोळी कशी दिसते? पांढरी, बारीक. तिचा डोस ठरवायला दर महिन्याला रक्त तपासतात का? नाही, रक्त वर्षातून एकदा, तेही साखरेसाठी. हृदयाचे ठोके अनियमित आहेत असं कुणी कधी सांगितलंय? नाही. मुलगा तोवर फोनवर आला होता. त्याच्याकडे आईच्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो होते, भारतातून निघताना काढलेले. त्याने नाव वाचलं: इकोस्प्रिन 75. म्हणजे ॲस्पिरिनच.

दाराच्या फटीतून नारिंगी केबलचं टोक आत आलं. बेकरीवाल्यांनी फ्रीजचा प्लग काढून केबल जोडली होती, त्यांच्या मुलाने ती चौकातून वर फेकली होती आणि घरमालकीणबाईंनी कठड्यावर झेलली होती. नवऱ्याने गुडघ्यावर बसून, आवाज न करता, यूपीएसची पिन त्यात खोचली. पी-पी थांबली. राउटरचा हिरवा दिवा एकदाही गेला नाही. स्क्रीनवरून नजर न हटवता मी ते सगळं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत होते, आणि त्याच वेळी रक्तस्रावाचा धोका किती, औषध दिलं नाही तर काय, नको म्हणायचा हक्क कसा आहे, हे एकेक वाक्य आजींना सांगत होते. त्या नीट ऐकत होत्या. मुलाला विचारलं. मग म्हणाल्या, "द्या."

औषध चढवायला घेतलं. आजींनी मधेच विचारलं, "तू कुठली गं?" तेही मी इंग्रजीत सांगितलं. उत्तर द्यायची वेळ आली नाही, आजींना स्कॅनच्या दुसऱ्या खोलीत नेलं आणि कॉल संपला. पुढे काय झालं ते दुभाष्याला कळवत नाहीत. मी टिपणाचा कागद नियमाप्रमाणे फाडला आणि खाली जाऊन बेकरीवाल्यांच्या फ्रीजचा प्लग परत जोडायला सांगितलं. पेट्रोलचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. कॉल कशाचा होता तेही विचारलं नाही. संध्याकाळी मात्र पाव घ्यायला गेले तेव्हा मीच सांगितलं, की तुमची वीज एका हॉस्पिटलच्या कामी आली. त्याहून जास्त सांगता येत नव्हतं आणि ते मला फार जड गेलं, कारण खरं श्रेय त्यांना कळायला हवं होतं.

नोव्हेंबरभर आम्ही सगळ्या घराचं मिळून वेळापत्रक केलं. माझी पाळी असेल त्या तासांत जनरेटरची एक लाइन वर, आणि पेट्रोलचा खर्च आम्ही वाटून घ्यायचा. या वेळी त्यांनी ऐकलं. लिथियमची मोठी बॅटरीही मी घेतली, स्वतःच्या पैशाने. डिसेंबरात नियमित वीजकपात थांबली, पण पाउतेच्या खोऱ्यात पाऊस पुन्हा लांबला तर ती पुन्हा येणार, यात मला शंका नाही.

लांबून काम करणाऱ्या माणसाच्या घरातली वीज ही त्याची खासगी अडचण आहे, असं आमच्या क्षेत्रात सर्रास धरलं जातं. मला ते मान्य नाही. पलंगाशेजारचा टॅबलेट हॉस्पिटलचं उपकरण असेल, तर त्याच्या दुसऱ्या टोकाचा राउटरही त्याच उपकरणाचा भाग आहे. हेडफोन देता तशी किमान आठ तासांची बॅटरी द्या, आणि कमी बोलल्या जाणाऱ्या भाषांच्या रांगेत एका वेळी एकच दुभाषी ठेवू नका. या दोन्ही मागण्या मी लेखी दिल्या आहेत. बॅटरीबद्दल विचार चालू आहे असं उत्तर आलंय. दुसरीबद्दल अजून काही आलेलं नाही, म्हणून दर महिन्याला मी तेच पत्र पुन्हा पाठवते.